गाडी कुणाच्या नावावर होती?

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरी करणाऱ्या या गृहस्थांचे नाव सोडतीत निघाले होते. डीआयए ६४७९ ही ती गाडी २०१० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पुढे ती घराबाहेर गंजत पडल्याच्या बातम्या आल्या आणि अखेर कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. एकाच घरात राहिलेली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत माहीत असलेली अशी गाडी भारतात विरळाच. पण ही मारुती घेण्यासाठी हरपाल सिंग यांनी आपली आधीची फियाट विकली होती, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तांतांत येते. ती फियाट कुणी घेतली, किती वर्षे चालवली, पुढे कुणाला दिली, ती कोणत्या गावी गेली, हे विचारावे असे कुणाला वाटल्याचे दिसत नाही. पुढील प्रकरणांचा विषय ती विकली गेलेली फियाट आहे. म्हणजे तिच्यासारख्या, हातोहात फिरत गेलेल्या आणि मागचा माग हरवलेल्या सगळ्या गाड्या.

जुन्या गाडीजवळ उभे राहिले की ‘ही आधी कुणाची असेल?’ असा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला पडतो. तो लगेच सोडूनही दिला जातो, कारण आपण त्याला रिकाम्या वेळचे कुतूहल समजतो. माझे म्हणणे असे, की हा इतिहासाचा रीतसर प्रश्न आहे, त्याला पुरावे आहेत आणि त्याचे उत्तर कारखान्याच्या कोणत्याही दप्तरात मिळत नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून एखादी फियाट ११०० कधी बाहेर पडली, हे कंपनी फार तर सांगू शकेल. पण गाडीचे आयुष्य तिथून सुरू होते. परवान्यांच्या त्या काळात देशात मोटारी बनवणारे मोजकेच होते: कुर्ल्यात फियाट, बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबेसेडर, मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे आणि हातात असलेल्या जुन्या गाडीला कधी कधी नव्याहून जास्त पैसे मिळत. अशा बाजारात गाडी मोडीत निघत नसे, ती पुढच्या माणसाकडे जात असे. मुंबईच्या डॉक्टरकडून पुण्याच्या व्यापाऱ्याकडे, तिथून मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडे, मग तालुक्याच्या गावी लग्नाच्या भाड्यांसाठी, असा प्रवास त्या काळातल्या कितीतरी गाड्यांना शक्य होता. मोटार नावाची वस्तू आपल्या समाजात वरून खाली, शहरातून गावात कशी झिरपत गेली, याची नोंद या मालकांच्या साखळीत आहे. वर्षाला किती गाड्या तयार झाल्या हे सांगणारे आकडे त्या साखळीबद्दल काहीच बोलत नाहीत. प्रत्येक गाडी त्यांत एकदाच मोजली जाते, मग पुढे ती चार कुटुंबांची पहिली गाडी का ठरली असेना.

ही साखळी कागदावर उमटलेली असते. मोटार वाहन कायद्याने गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आरसी बुक खरोखरच बुक होते तेव्हा त्याच्या पानांवर हे सगळे हाताने लिहिले जाई. नाव चढले की सही-शिक्का, बँकेचा बोजा चढला की त्याची नोंद, तो उतरला की त्याचीही. पत्ता बदलला, रंग बदलला, पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसवले, तर तेही. एकाच पुस्तिकेत तीन-चार वेगवेगळी हस्ताक्षरे, निळी-काळी-जांभळी शाई, वेगवेगळ्या कार्यालयांचे शिक्के आढळत. नंबराची पाटीही वाचता येते. १ जुलै १९८९ पासून एमएच आणि पुढे कार्यालयाचा आकडा ही आजची पद्धत आली: एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच ३१ म्हणजे नागपूर. त्याआधीच्या तीन अक्षरी पाट्या जाणकार आजही वाचून दाखवतात. ‘बी’ने सुरू होणारी पाटी बहुधा जुन्या मुंबई राज्याच्या काळाकडे बोट दाखवते. गाडी परराज्यात नेऊन बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिला तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणून मूळ गावापासून लांब आलेल्या गाडीचे एक नाव एका कार्यालयात आणि दुसरे दुसऱ्या कार्यालयात राहिलेले असते. गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. १९६१ पूर्वी तिथे आलेल्या युरोपीय मोटारींचे पहिले कागद पोर्तुगीज राजवटीचे आहेत, आणि मर्सिडीजच्या टॅक्सी गोव्याच्या रस्त्यांवर पुढेही कितीतरी वर्षे धावत होत्या. एका गाडीच्या कागदांत दोन राजवटी सापडाव्यात, असे उदाहरण दुसऱ्या कोणत्या घरगुती वस्तूचे देता येईल?

पत्राही साक्ष देतो. आरटीओत पासिंगच्या वेळी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. त्या छापात नंबर पुन्हा ठोकला आहे का, बाजूचा पत्रा कापून जोडला आहे का, हे अनुभवी डोळ्याला कळते. डिकीत सीएनजीची टाकी बसवल्याच्या खुणा असतील तर गाडी बहुधा शहरात, रोज आणि पुष्कळ चालली. टपावर कॅरिअरचे चट्टे आहेत का, डॅशबोर्डवर मीटर बसवल्याची भोके बुजवली आहेत का, चालकाच्या बाजूचा गालिचा टाचेखाली किती झिजला आहे, मागच्या सीटच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा जास्त दबल्या आहेत का, या बारकाव्यांतून आधीच्या माणसांची राहणी कळते. मागची सीट दबलेली आणि पुढची डावी बाजू जवळजवळ नवी असेल तर मालक स्वतः गाडी चालवत नसावा. दाराच्या आतल्या कडेला जुन्या रंगाची रेघ दिसली तर गाडी कधीतरी काळी-पिवळी होती की नाही, हेही उलगडते. पुण्याच्या नाना पेठेतले किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे सुट्या भागांचे दुकानदार आणि जुने मेकॅनिक हे सगळे सहज वाचतात. त्यांचे वाचन कुणी लिहून घेत नाही, ही मला या विषयातली सर्वांत मोठी हानी वाटते. कागद उद्याही शोधता येतील, ही माणसे मात्र राहणार नाहीत.

आणि कागदही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पुस्तिकेच्या जागी स्मार्ट कार्ड आले तेव्हा जुनी पुस्तिका कार्यालयात जमा झाली. कार्डावर सध्याच्या मालकाचे नाव असते. मागचे सगळे ‘सेकंड ओनर’, ‘थर्ड ओनर’ अशा क्रमांकात विरघळतात. माहिती अचूक आणि झटपट मिळू लागली हे खरे, आणि चोरीच्या गाड्यांना त्यामुळे आळा बसला असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण व्यवस्थेला फक्त आजचा मालक हवा आहे. शेतजमिनीच्या बाबतीत आपण असे कधी चालवून घेतले नसते. सातबाऱ्यावर आजचे नाव असले तरी त्याच्या पाठीशी फेरफाराच्या नोंदी असतात आणि कुणाकडून कुणाकडे, खरेदीने की वारसाने, हे पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन पाहता येते. मोटारीचा फेरफार जुन्या पुस्तिकेच्या पानांत होता आणि ती पाने आता बहुतेक मालकांच्या हाती नाहीत.

इथे एक रास्त आक्षेप येतो: जुन्या गाड्यांच्या गोष्टी बहुतेक रचलेल्या असतात. सेकंड हँड बाजारात ‘डॉक्टरची गाडी’, ‘सिंगल हँड’, ‘मॅडम चालवायच्या’ ही विशेषणे इतकी चालतात की त्यांवर कुणी विश्वास ठेवू नये. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, मग मालकाचा इतिहास फिरवायला कितीसा वेळ लागणार? शिवाय कागदही खोटे बोलतात. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने ते तसेच ठेवले आणि पुढच्याला दिले, असे होत आले आहे. मधले दोन-तीन मालक मग कोणत्याच दप्तरात नसतात. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच गाडी होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकदा हस्तांतरित झालेली, पण नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे न्यायालयाने ठरवले. भरपाईपुरते ते योग्यच. इतिहासापुरते मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही, आणि थांबायचे कारणही नाही. कागद, पत्रा आणि तोंडी आठवण या तिन्ही साक्षी एकमेकींवर तपासायच्या असतात. अशा तपासाने काय साधते हे अमेरिकेत दिसले. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातली एक मस्टँग १९७४ मध्ये मासिकातल्या जाहिरातीवरून एका कुटुंबाने सहा हजार डॉलरना घेतली आणि रोजच्या कामाला वापरली. स्टीव्ह मॅक्वीनने ती परत मागितली तेव्हाही दिली नाही. २०१८ मध्ये ती लोकांसमोर आली तेव्हा तिची ओळख पटली ती कारखान्याच्या नंबरावरून, कागदांवरून आणि कॅमेरे बसवण्यासाठी तिच्या अंगावर केलेल्या बदलांच्या खुणांवरून. त्याच चित्रपटाची दुसरी मस्टँग मेक्सिकोत भंगारात सापडली आणि तीही नंबरावरूनच ओळखली गेली. खोट्या गोष्टी पुष्कळ असल्या की खऱ्या शोधण्याची पद्धत घडवावी लागते. तसे नसते तर बखरींच्या अतिशयोक्तीला कंटाळून आपण मराठ्यांचा इतिहासही सोडून दिला असता.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. जुन्या गाडीचे इंजिन बदललेले, गिअर बॉक्स दुसरीचा, पत्रा तीनदा कापून जोडलेला. मग आधीच्या मालकांची ‘ती’ गाडी उरलीच कुठे? या प्रश्नाचा निवाडा प्रत्यक्ष न्यायालयात झाला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा तिचा एक चालक वुल्फ बार्नाटो होता. पुढे तिच्यात मोठे इंजिन आले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर तिच्यावर नवी बॉडी चढली. दशके उलटल्यावर ती एक कोटी पौंडांना विकायचे ठरले तेव्हा घेणाऱ्याने हात आखडता घेतला. शर्यत जिंकलेल्या गाडीचे भाग हिच्यात जवळजवळ नाहीतच, मग ही खरी कशी, असा त्याचा दावा होता. १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात न्या. ऑटन यांनी भागांची बारकाईने छाननी केली, मूळचे फारच थोडे उरल्याचे मान्य केले, आणि तरीही हीच अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ असा निकाल दिला. ही गाडी मध्येच कधी नाहीशी होऊन दुसरी तयार झाली, असे घडले नव्हते. ती एकेका बदलातून सलग पुढे येत गेली होती. या निकालाचा रोख स्पष्ट आहे. गाडीची ओळख धातूच्या वयात बांधलेली नाही, ती तिच्या सलग इतिहासात आहे. मग सलगपणा सिद्ध कशाने होतो? कुणाकडून कुणाकडे गेली, कधी, कशी, कोणत्या दुरुस्तीनंतर, या नोंदींनीच. ज्या आक्षेपाने मालकांच्या साखळीला निरर्थक ठरवायचे होते, त्याच आक्षेपाने तिचे महत्त्व सिद्ध केले. पाच वेळा इंजिनकाम झालेल्या साध्या पद्मिनीला हा तर्क जसाच्या तसा लागू पडतो. उलट तिथे तो जास्त लागू पडतो, कारण आपल्याकडची गाडी टिकलीच मुळी बदललेल्या भागांवर.

मोठ्या माणसांच्या गाड्यांचा इतिहास ठेवावा, सामान्यांच्या गाड्यांचा कशाला, असेही विचारले जाते. नेताजी ज्या वाँडरर गाडीतून जानेवारी १९४१ मध्ये एल्गिन रोडच्या घरातून निसटून गोमोहला गेले ती कोलकात्यात जपलेली आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची माइबाख दसऱ्याच्या मिरवणुकीत लोक डोळे भरून पाहतात. या गाड्या जपल्या जाव्यातच. पण लालबहादूर शास्त्रींच्या फियाटकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. १९६४ च्या त्या गाडीची किंमत सुमारे बारा हजार होती. पंतप्रधानांकडे सात हजार होते, उरलेल्या पाच हजारांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढले. १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि ते कर्ज ललिता शास्त्री यांनी पुढे पेन्शनमधून फेडले. दिल्लीच्या स्मारकात ती गाडी पाहताना मन हलते ते या कर्जामुळे. पंतप्रधानपदाने ती इतर फियाटींहून वेगळी झाली असेल, कर्जाने मात्र ती इतर हजारो फियाटींसारखीच होते. बँकेचा बोजा चढलेली, हप्ते फेडून उतरलेली, घरातल्या कुणाच्या तरी निधनानंतर वारसाच्या नावावर गेलेली अशी कितीतरी आरसी बुके महाराष्ट्रात आहेत. त्यांतल्या बोज्याच्या नोंदीत एका कुटुंबाचे आर्थिक धाडस लिहिलेले आहे. मालक प्रसिद्ध नाही एवढ्याच कारणाने ते वाचायचे नाही, हे मला पटत नाही.

आता नूतनीकरण. गाडी ‘शोरूम कंडिशन’ला आणण्याची हौस वाढली आहे आणि तीत प्रेम आहे, पैसा आहे, कौशल्यही आहे. मी तिच्या विरोधात नाही. गंजलेली गाडी वाचवलीच पाहिजे. पण डेंटिंग-पेंटिंगच्या पहिल्याच दिवशी पत्र्याची साक्ष घासून जाते. बुजवलेली भोके पुन्हा सापडत नाहीत, जुन्या रंगाचे थर निघून जातात, झिजलेला गालिचा फेकला जातो, काचेवर चिकटवलेले जुने टॅक्स टोकन खरवडले जाते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले, त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर दिला, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखण्याची मुभाही दिली. ही मुभा मोलाची आहे, कारण जुना नंबर हा मागे जाण्याचा धागा आहे. परंतु नियमांत मूळ स्वरूपाचा विचार चेसिस, बॉडी आणि इंजिन यांच्यापुरता आहे. मालकांचा क्रम हे मूळपणाचे अंग मानलेले नाही. गाडी उघडण्याआधी तिची छायाचित्रे काढणे, काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवणे, मागच्या मालकांपैकी जे हयात असतील त्यांना भेटणे, एवढे तरी हौशी मंडळींनी आणि त्यांच्या क्लबांनी करायला हवे. रंगकामाच्या खर्चापुढे याला काहीच पैसे पडत नाहीत.

खाजगीपणाचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. आजच्या मालकाचे नाव आणि पत्ता कुणालाही मिळावा असे मी म्हणणार नाही. सरकारी संकेतस्थळावर मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते, ते योग्यच आहे. पण १९५८ साली सोलापुरात कुणी फियाट घेतली, हे झाकून कुणाचे रक्षण होते? अभिलेखांच्या बाबतीत ठरावीक वर्षांनंतर कागद अभ्यासकांना खुले करण्याची रीत आपल्याकडेही आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात ती तीस वर्षांची आहे. आरटीओच्या जुन्या नोंदवह्यांना अशीच मुदत लावून त्या पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवता येतील. उशीर केला तर काय होते, हे ब्रिटनने पाहिले आहे. तिथे मोटारींच्या नोंदी काउंटी कौन्सिलांकडे होत्या. १९७० च्या दशकात काम स्वान्सीच्या केंद्रीय कार्यालयाकडे गेले आणि अनेक ठिकाणच्या जुन्या नोंदवह्या नष्ट झाल्या. वाचलेल्यांपैकी काही किटहेड ट्रस्टसारख्या संस्थांनी गोळा केल्या म्हणून आज एखाद्या जुन्या गाडीचा पहिला मालक सापडू शकतो. आपल्याकडे पेशवे दप्तर जपणारे राज्य आहे, तेव्हा मोटारींच्या वह्यांना एक कपाट मिळणे अवघड नसावे.

प्रदूषण करणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, याबद्दलही दुमत नाही. प्रश्न त्या जाताना काय लिहून ठेवायचे हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. पूर्वी निर्लेखन होऊन लिलावात निघालेली कलेक्टर कचेरीची अँबेसेडर एखाद्या गावच्या पुढाऱ्याकडे किंवा भाड्याच्या धंद्यात दुसरा जन्म घेई. तो रस्ता आता संपला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचेही तसेच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. एक तरी पद्मिनी जपावी अशी मागणी तेव्हा झाली, ती रास्तच होती. पण कोणती, हे ठरवताना सर्वांत चकचकीत गाडी निवडू नये. जिच्या परमिटची, कर्जाची, मालकांची आणि दोन शिफ्टमध्ये ती चालवणाऱ्या चालकांची नावे सापडतील ती निवडावी, आणि ती नावे गाडीशेजारी लावावीत. भंगार केंद्रात गाडी मोडताना चेसिस नंबराचा तुकडा कापून वेगळा काढतात. त्याच वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या मालकीचा उतारा छापून अभिलेखात पाठवायला एका कारकुनाचा थोडा वेळ लागेल. पुढच्या प्रकरणांत अशा काही गाड्यांचे उतारे, उपलब्ध कागद आणि मेकॅनिकांच्या साक्षी लावून, जमतील तितके मागे नेले आहेत. जिथे साखळी तुटली तिथे ती तुटलेलीच ठेवली आहे, गोष्ट पुरी करण्यासाठी मधला मालक कल्पनेने घातलेला नाही.